पवनचक्क्यांच्या वीजनिर्मितीचा अंदाज बांधताना या चुका टाळा

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी आणि वनकुसवडे पठारांवरील पवनचक्क्यांना खरा वारा मिळतो तो जून ते सप्टेंबर या काळात, त्यामुळे अंदाज चुकल्याचा फटकाही याच महिन्यांत मोठा बसतो. अशा वेळी दोष मॉडेलला, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकून अंदाज काढणाऱ्या संगणकीय प्रणालीला, देऊन अधिक गुंतागुंतीचे मॉडेल आणले जाते. माझ्या मते आधी डेटा तपासायला हवा.

सर्वांत घातक चूक म्हणजे भविष्यातली माहिती नकळत मॉडेलच्या हाती देणे. पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी सरमिसळ करून प्रशिक्षण (मॉडेलला शिकवणे) आणि चाचणी (ते पारखणे) यांत वाटल्या, तर सव्वादहाची नोंद एकीकडे आणि साडेदहाची दुसरीकडे जाते, आणि एवढ्या वेळात वारा सहसा फारसा बदलत नसल्याने चाचणीत दिसणारी अचूकता फसवी ठरते. म्हणून आधीच्या पावसाळ्यांवर शिकवावे आणि नंतरचा एक संपूर्ण पावसाळा चाचणीसाठी राखावा. चक्कीवरच्या मापकाने नोंदलेल्या वेगावर मॉडेल शिकवणे हीदेखील त्याच जातीची चूक आहे, कारण उद्या केव्हा किती वीज देणार याचे वेळापत्रक देताना हाताशी असतो तो हवामानाचा अंदाज, प्रत्यक्ष वारा नव्हे. त्या-त्या दिवशी जाहीर झालेले जुने अंदाज जपून ठेवून त्यांवरच शिकवावे.

वेळेचा घोळ तर सहज नजरेतून सुटतो. हवामानाचा डेटा बहुधा जागतिक प्रमाणवेळेत येतो आणि निर्मितीच्या नोंदी भारतीय वेळेत असतात. साडेपाच तासांचा हा फरक दिवसाच्या 96 भागांपैकी 22 भागांचा होतो. एक मालिका पुढेमागे सरकवून दोन्हींचा मेळ कुठे सर्वाधिक बसतो ते पाहावे. तो 22 भागांवर बसला, तर दोष कुठे आहे हे कळले.

नोंदींत वेग सेकंदाला 11 मीटर आणि निर्मिती शून्य अशी ओळ दिसली, तर फीडर (वीज वाहून नेणारी वाहिनी) बंद असेल, दुरुस्ती चालू असेल किंवा ग्रिडच्या आदेशाने निर्मिती थांबवली असेल. अशा ओळी प्रशिक्षणातून वगळाव्यात. मात्र सरसकट सगळी शून्ये काढू नयेत, कारण साधारण 3 मीटरखालील वेगाला शून्य हेच खरे उत्तर असते.

हवामान मॉडेल प्रदेशाचे मोठे चौकोन धरून चालते. त्या विस्तीर्ण चौकटीत घाटमाथ्याचे चढउतार सपाट होतात आणि वाऱ्याचा वेग चुकतो. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने 6 ऐवजी 7 मीटर वेग धरला, तरी ती सुमारे 59 टक्क्यांनी जास्त दिसते. शिवाय हजार मीटरहून उंच पठारावर हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास एक दशांशाने विरळ असते, हेही निर्मात्याचा पॉवर कर्व्ह (कोणत्या वेगाला किती वीज मिळेल हे दाखवणारा आलेख) वापरताना लक्षात घ्यावे.

शेजारच्या कोयना जलविद्युत प्रकल्पाला हीच पद्धत लावू नये. 1,960 मेगावॉटचा तो प्रकल्प विजेची मागणी आणि पाणीवाटपाची मर्यादा पाहून चालवला जातो. तिथे वाऱ्यासारखा निसर्गाचा नव्हे, तर माणसांच्या निर्णयांचा अंदाज बांधावा लागतो.

राहिले मोजमाप. टक्केवारीतील त्रुटी प्रत्यक्ष निर्मितीने भागून काढली, तर मंद वाऱ्याच्या दिवसांत ती अवास्तव फुगते. ती उपलब्ध क्षमतेने भागावी आणि पुढच्या तासाभरासाठी ‘आत्ता आहे तेवढीच निर्मिती राहील’ या साध्या अंदाजाशी ताडून पाहावी. त्याच्यापुढे न टिकणारे मॉडेल वेळापत्रकासाठी वापरू नये.