ग्लोव्हज घातलेत, आता फोन कसा चालवायचा? राइडच्या आदल्या रात्रीची तयारी

पावसाळी बाइक राइडची तयारी म्हटलं की आपण रेनकोट, चेन ल्यूब, पंक्चर किट इथपर्यंत येतो आणि थांबतो. ग्लोव्हज घालून फोन कसा चालवणार याचा विचार कुणी करत नाही, मीही केला नव्हता. गेल्या पावसाळ्यात पुण्याहून दिवेआगरला निघाले होते, ताम्हिणी घाट उतरून विळ्याला आले, तिथून एक रस्ता कोलाडकडे जातो आणि एक निजामपूरवरून माणगावला, आणि नेमकं तिथेच मॅप्सने मान टाकली. स्क्रीनवर बोट आपटतेय, काही नाही. शेवटी वैतागून डावा ग्लोव्ह ओढून काढला आणि त्याच्यासोबत आतलं अस्तरही उलटं होऊन बाहेर आलं, पाचही बोटं, पायमोजा उलटा व्हावा तशी. ओल्या हाताने ते परत आत बसवायचा प्रयत्न ज्याने केलाय त्यालाच कळेल. दहा मिनिटं बॉलपेनने एकेक बोट आत ढकलत बसले, करंगळी शेवटपर्यंत गेलीच नाही, मग माणगावपर्यंत डावा हात उघडा, क्लच धरून धरून बोटं पांढरी पडलेली.

तेव्हापासून आदल्या रात्री ही सगळी उजळणी करते. आणि आधीच सांगते, यातली निम्मी तयारी फोनला हात लावावाच लागू नये याची आहे, ग्लोव्ह चांगला मिळाला म्हणून चालत्या गाडीवर टाइप करायचं असलं काही मी सांगत नाहीये.

सुरुवात ग्लोव्हपासून. आपल्या फोनच्या स्क्रीनला दाब कळत नाही, ती स्वतःचं बारीक विद्युत क्षेत्र ठेवून असते आणि वीज वाहून नेणारं काही जवळ आलं की त्यात फरक पडतो, तो फरक म्हणजे टच. बोटात पाणी आणि क्षार असतात म्हणून बोट चालतं, मध्ये जाड कोरडं लेदर किंवा कापड आलं की नाही चालत. म्हणजे जोरात दाबून काहीही होत नाही. जुन्या नोकिया ५८०० सारख्या फोनची स्क्रीन दाबावर चालायची, तिला नख, पेन, ग्लोव्ह सगळं चालायचं, ते दिवस गेले. कोरियात २०१० च्या हिवाळ्यात लोक हातमोजे न काढता सॉसेजने आयफोन चालवतात अशी बातमी आली होती, मला ती थाप वाटायची. मग एकदा घाटातल्या टपरीवर ग्लोव्हमध्येच अख्खी काकडी धरून तिच्या टोकाने स्वाइप करून बघितला, आणि वाकडातिकडा का होईना, झाला! टपरीवाल्या काकू म्हणाल्या, अगं मीठ लाव आणि खा की.

तर टचवाल्या ग्लोव्हच्या टोकाला धातूचा अंश असलेला धागा किंवा तसं खास लेदर लावलेलं असतं. दुकानात घेताना लोक उजव्या हाताचा ग्लोव्ह घालून फोनवर दोनदा टकटक करतात आणि पैसे देतात. अरे, पण उजवा हात थ्रॉटलवर, म्हणजे अॅक्सिलरेटरवर असतो! सिग्नलला, फाट्यावर, कुठेही थांबलात तरी मोकळा होतो तो डावा, म्हणजे टेस्ट डाव्याची करायची. काही जोड्यांत टचचं टोक फक्त एका हाताला असतं, काहींत डाव्या तर्जनीवर व्हायझर, म्हणजे हेल्मेटची काच पुसायची रबरी पट्टी असते आणि टच अंगठ्यावर ढकललेला असतो, हे घरी आल्यावर कळण्यात काही मजा नाही.

दुसरं फिटिंग. माझा हात लहान, आणि छोट्या साइझ दुकानात असतात कुठे, जे असतं ते घ्या असा कारभार. मग बोटाच्या पुढे अर्धा सेंटीमीटर रिकामं टोक लोंबतं, स्क्रीनवर टेकवलं की दुमडतं, आणि टच लागतो तो भलत्याच ठिकाणी नाहीतर लागतच नाही. बोट टोकाला आतून टेकलेलं हवं, पण हँडल धरल्यावर टोचायला नको, एवढंच बघा. बोटं जिथून सुरू होतात त्या उंचवट्यांवरून तळव्याचा घेर टेपने मोजून साइझ चार्टशी ताडून घ्या, अंदाजाने एम-एल करू नका. आणि जुना टचवाला ग्लोव्ह असेल तर आज रात्री परत तपासा, कारण ते टोक घासून, घामाने, धुळीने हळूहळू निकामी होतं, मागच्या वर्षी चालत होतं याला काही अर्थ नाही.

साधा ग्लोव्ह असेल तर कंडक्टिव्ह, म्हणजे वीज वाहून नेणारा धागा आणून टोकाला चार टाके घालता येतात, आतून टाका बोटाच्या कातडीला लागला पाहिजे आणि बाहेरून स्क्रीनला, उन्हाळी ग्लोव्हला हे चालतं. वॉटरप्रूफला मात्र चुकूनही सुई लावू नका, आत पाणी अडवणारा पडदा असतो, त्याला भोक पडलं की टच मिळेल न मिळेल, पाणी नक्की मिळेल. बोटाचं टोक कापून टाकणारेही भेटतात, त्यांना काय बोलणार, पडल्यावर माणूस आधी हातच टेकतो.

आता फोन. सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटी किंवा ग्लोव्ह मोड नावाचं काही आहे का शोधा, सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये डिस्प्लेखाली सापडतं, ते चालू केलं की पातळ ग्लोव्हही कधीकधी ओळखला जातो. वर जाड टेम्पर्ड ग्लास असेल तर तिथेच निम्मी ताकद जाते. लॉकचं आधी बघून ठेवा, कारण ग्लोव्हमध्ये फिंगरप्रिंट चालत नाही आणि फुल फेस हेल्मेटमध्ये फेस अनलॉकची खात्री नाही, मग उरतो पिन, आणि जाड बोटाने पिन म्हणजे सारखा चुकून फोन थोडा वेळ रुसून बसणार. अँड्रॉइडमध्ये विश्वासू ब्लूटूथ डिव्हाइस जोडलेलं असताना उघडलेला फोन काही वेळ अनलॉक ठेवायची सोय असते, हेल्मेटचा इंटरकॉम, म्हणजे हेल्मेटमध्ये बसवायचा ब्लूटूथ स्पीकर-माइक, तिथे टाका, घरी आल्यावर आठवणीने काढा. ज्या अॅपचा संबंध नाही त्याची नोटिफिकेशन्स बंद, नाहीतर फॅमिली ग्रुपवरची शुभ सकाळ नेमकी वळणाच्या बाणावर येऊन बसते आणि ग्लोव्हने ती बाजूला सारता सारता नॅव्हिगेशनच बंद होतं. होमस्क्रीनचे आयकॉन मोठे करून चारच ठेवा.

ऑफलाइन मॅप वायफायवर असतानाच डाउनलोड करा, मुळशी सोडल्यावर ताम्हिणीत बराच वेळ रेंज नसते. थांबे आधीच टाकून ठेवा, पेट्रोल, नाश्ता, मुक्काम, म्हणजे रस्त्यात काही शोधायची वेळ येणार नाही.

बटणं! याकडे कुणाचं लक्ष नसतं. बटणाला ग्लोव्हचं काही देणंघेणं नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटण दोनदा दाबलं की कॅमेरा उघडतो, व्हॉल्यूमच्या बटणाने फोटो निघतो, काही फोनमध्ये व्हॉल्यूम अपने कॉल उचलायची सेटिंग अॅक्सेसिबिलिटीत असते. इमर्जन्सी एसओएस पॉवर बटण पाचदा दाबून लागतो का आणि तो कुणाला कॉल करणार हे बघून ठेवा, फक्त बघा, गंमत म्हणून ११२ ला लावू नका. इंटरकॉम असेल तर आईचा फोन ऑटो आन्सरवर, माझी आई तीनदा उचलला नाही तर सगळ्या मैत्रिणींना फोन लावत सुटते.

फोन धरून ठेवणारा माउंट हँडलच्या डाव्या बाजूला किंवा मधोमध, क्लच पूर्ण दाबून आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे अडत नाही ना बघा. फोन माउंटवर ठेवून फक्त रस्ता बघायला ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत मुभा आहे, लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. थरथर शोषणारा व्हायब्रेशन डँपर घ्याच, मोटरसायकलच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे फोटो हलू न देणारी यंत्रणा, बिघडू शकतं असं खुद्द अॅपलने २०२१ मध्ये सांगितलंय.

पावसात तर वेगळाच तमाशा. स्क्रीनवरचे थेंबही तिला बोटासारखेच वाटतात, माझ्या फोनने एकदा आपोआप झूम आउट करत करत अख्खा महाराष्ट्र दाखवला होता. पारदर्शक पाऊचमध्ये ठेवला तर थेंबांचा त्रास कमी होतो, पण मग पाऊच अधिक ग्लोव्ह असे दोन थर, ती जोडी घरी नळाखाली धरून बघा, खरंच, बाथरूममध्ये जाऊन. चार्जिंग पोर्टमध्ये ओल गेली की फोन चार्ज व्हायलाच नकार देतो, त्यामुळे निघताना शंभर टक्के आणि पॉवर बँक कोरड्या पिशवीत. पेट्रोल पंपावर यूपीआय लाइटमध्ये पैसे असतील तर छोट्या रकमेला पिन लागत नाही, तरी मी वरच्या खिशात पाचशेच्या दोन नोटा प्लास्टिकमध्ये ठेवतेच.

हे सगळं झालं की रात्री पार्किंगमध्ये जाऊन स्टँडवरच्या गाडीवर बसायचं, हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज सगळं घालून, आणि फक्त डाव्या हाताने फोन उघडणे, नॅव्हिगेशन चालू करणे, आवाज वाढवणे, कॉल घेणे, कॉल ठेवणे. वॉचमन काका एकदा बघून विचारून गेले, मॅडम, गाडी चालू होत नाहीये का? जे काम दोन प्रयत्नांत होत नाही त्याच्यासाठी गाडी बाजूला घेऊन, हात पुसून, मगच ग्लोव्ह काढायचा असं ठरवून टाकायचं. आणि काढताना मनगटाकडून ओढायचा नाही, एकेक बोट टोकाला धरून थोडं थोडं सैल करायचं, म्हणजे अस्तर आतच राहतं. आत पातळ इनर ग्लोव्ह घातला तर ही भानगडच कमी, फक्त तोही टचवाला हवा, नाहीतर मधला थर आला आणि बाहेरच्याचा टच गेला.

शेवटचं काम पेट्रोलच्या टाकीवर. मेडिकलची पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर विळे, निजामपूर, माणगाव, म्हसळा, दिवेआगर असं मोठ्या अक्षरात लिहिते, परमनंट मार्करने, आणि वरून पारदर्शक टेप. पहिल्यांदा बॉलपेनने लिहिलं होतं, ते पौडपर्यंत वाचता येत होतं.