टायर मोठे घातले, आता मीटर कसा जुळवायचा?

मोठे टायर घातले की मीटर खोटं बोलतो, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यावर सल्लाही ठरलेला: मोबाइलवर जीपीएस लाव, साठने चालव, काटा किती दाखवतो बघ आणि तेवढा फरक काढून टाक. हा सल्ला मी पाळला होता. तो कुठे फसतो ते खाली सांगतो, कारण या कामातली खरी मेख तिथेच आहे. बाकीचं एका रविवारचं काम आहे.

आधी कागदावर फरक काढा. टायरच्या रुंदीला पुढच्या टक्क्यांनी गुणायचं, दुप्पट करायची आणि त्यात रिमचे मिलिमीटर (इंच गुणिले २५.४) मिळवायचे. माझ्या जिप्सीचे मूळ टायर २०५/७० आर १५, म्हणजे २८७ अधिक ३८१, एकूण ६६८ मिमी व्यास. मी घातले २१५/७५ आर १५, व्यास ७०३.५ मिमी. फरक ५.३ टक्के. एवढा फरक असेल तर हात घाला. दोन टक्क्यांच्या आत असेल तर सोडून द्या. नुसती रिम मोठी झाली म्हणून घाबरायचं कारण नाही. स्विफ्टचे १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५ हे टायर शेजारी उभे करा, व्यासात दोन मिमीचाही फरक नाही.

आता मेख. नवे टायर चढवून मी कसाल ते कुडाळच्या चौपदरी रस्त्यावर गेलो. काटा साठवर, मोबाइलवरही साठ. शेजारचे काका बरोबर होते. म्हणाले, "मीटर बरोबर दाखवता मां, मगे कित्याक हात लावतंस?" मलाही पटलं. पुढे आंब्याच्या पेट्या घेऊन कोल्हापूरला जाऊन आलो. जाऊन-येऊन नेहमी २८० च्या आसपास किलोमीटर पडतात, त्या खेपेला पडले २६६. रस्ता तोच, घाट तोच. चौदा किलोमीटर गेले कुठे?

गेले कुठेच नव्हते. गाडी तयार होते तेव्हाच काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा पुढे ठेवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमानुसार काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर चालतो, तोही दहा टक्के अधिक ४ किमीपर्यंत. म्हणजे खरा वेग ८० असेल तर काटा ८० ते ९२ मध्ये कुठेही असू शकतो. माझा काटा मुळात पाचेक टक्के पुढे होता. मोठ्या टायरने ती आघाडी खाल्ली आणि काटा योगायोगाने खरा ठरला. पण मीटरमधली किलोमीटर मोजणारी आकड्यांची चाकं मुळात बरोबर होती, ती आता पाच टक्के मागे पडली. केबलच्या मीटरमध्ये काटा चुंबकाच्या ओढीवर हलतो, आकड्यांची चाकं मात्र थेट दातांवर फिरतात. दोघांचा बाप एकच केबल, पण स्वभाव वेगळे.

म्हणून माझं ठाम मत: मीटर जुळवायचा तो अंतरावरून, वेगावरून नाही. काट्यावरून जुळवलात तर सर्व्हिसचे १०,००० किमी प्रत्यक्षात १०,५३० होतात आणि अ‍ॅव्हरेज आहे त्यापेक्षा कमी दिसतं. "मोठ्या टायरने अ‍ॅव्हरेज पडलं" हे गाऱ्हाणं घालणाऱ्यांनी आधी हा हिशेब करून बघावा.

अंतर मोजण्यातही आपल्याकडे फसायला होतं. घाटात मोजू नका. जीपीएस ठरावीक क्षणांनी ठिपके टाकतो आणि ते सरळ रेषेने जोडतो, त्यामुळे वळणं कापली जातात आणि अंतर कमी भरतं. दाट झाडीखाली ठिपके उड्या मारतात, मग ते जास्त भरतं. महामार्गाच्या दगडांवरही विसंबू नका. चौपदरीकरणात वळणं सरळ झाली, तिथे जुना हिशेब जुळत नाही. मोकळं आकाश आणि सरळ रस्ता हवा. महामार्गाचा उघडा भाग किंवा सड्यावरचा, म्हणजे उघड्या पठारावरचा, रस्ता उत्तम. सकाळी थंड टायरमध्ये नेहमीची हवा भरा, नेहमीएवढंच वजन ठेवा. मीटरमधलं शेवटचं चाक नीट बघा. आकडा खिडकीत अर्धा वर, अर्धा खाली असेल तर गाडी हळूहळू पुढे घेऊन तो मधोमध आणा आणि तिथून मोजायला सुरुवात करा. वीस किलोमीटर तरी चालवा. जीपीएसवर २० आणि मीटरवर १९ आले, तर २० भागिले १९, म्हणजे १.०५३. हा तुमचा गुणक.

खळ्यात खडूने टायरवर खूण करून परीघ मोजणारे मला भेटतात. मोजा, पण जुना आणि नवा दोन्ही टायर तसेच मोजा. वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे जमिनीवर भरलेला परीघ कागदावरच्या परिघापेक्षा कमी येतो. एक खळ्यातला आणि एक कागदावरचा घेऊन भागाकार केलात तर उत्तर चुकणारच.

दुरुस्ती गाडीवर अवलंबून. केबलवाल्या गाडीत केबलच्या तळाशी पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, असतो. टायर मोठा झाला तर दात कमी हवेत, म्हणजे केबल जास्त फिरते. समजा २० दात आहेत, तर १९ चा पिनियन ५.२६ टक्के भरून काढतो. मी पहिल्यांदा उलटं केलं, जास्त दातांचा घातला आणि चूक दुप्पट करून घेतली. नवा पिनियन त्याच घरात बसतो आणि आतल्या वर्मशी (त्याला फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरशी) नीट जुळतो याची खात्री करा. तसा मिळाला नाही, तर मीटर दुरुस्त करणाऱ्याकडून केबलच्या मध्ये बसणारी गिअरची छोटी डबी करून घ्या. केबलला ग्रीस लावताना मीटरकडची चार बोटं कोरडी ठेवा, नाहीतर ग्रीस वर चढून मीटरमध्ये शिरतं.

इलेक्ट्रॉनिक मीटर असेल आणि गिअरबॉक्सवर सेन्सर असेल, तर सिग्नलच्या वायरमध्ये पल्स (सेन्सरचे विजेचे ठोके) बदलणारं मॉड्यूल बसतं: एक वायर वीज, एक अर्थ, एक आत, एक बाहेर. गुणक १.०५३ भरायचा, ०.९५ नाही. जोड झाळून त्यावर हीटश्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी) चढवा. पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड आपल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात हिरवा पडतो. मॉड्यूल डॅशबोर्डच्या आत ठेवा, बॉनेटखाली नको. वेग एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून येत असेल तर वायर कापू नका. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरने टायरचं माप बदलून घ्या. पिवळ्या पाटीच्या गाडीला वेगावर मर्यादा घालणारा सीलबंद स्पीड गव्हर्नर असतो, तिथे स्वतः हात घालूच नका.

पुन्हा तेच वीस किलोमीटर चालवा. माझा काटा आता खऱ्या साठला त्रेसष्ट दाखवतो, तो तसाच राहू दे. अंतर बरोबर येऊनही काटा खऱ्या वेगाच्या खाली राहत असेल, तर दोष मीटरचा आहे, मीटरवाल्याकडे द्या. अर्ध्या टक्क्यासाठी जीव काढू नका. टायरची नक्षी ६ मिमी झिजली की व्यास १२ मिमीने घटतो, म्हणजे पावणेदोन टक्के तिथेच गेले.

मीटरवरचे जुने किलोमीटर बदलू नका. बदल केला त्या दिवशीचा आकडा सर्व्हिसच्या वहीत लिहा. आणि स्टेपनी नव्या मापाची घ्या. जुन्या मापाची मागच्या चाकाला लावून फोर व्हील टाकलीत, तर गिअरच्या डब्याचं बिल टायरांपेक्षा मोठं येतं.