मज्जारज्जूवर काम करायचंय? आधी तास विचारा

नाशिकला बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करताना मी मज्जारज्जूच्या इजेवर प्रोजेक्ट घेतला, त्याचं कारण घरातलं होतं. दिंडोरीकडचा मामा ट्रॅक्टरवरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. ऑपरेशननंतर आजी विचारायची, "मणका बसवला ना, मग पाय का हलत नाहीत?" मला उत्तर येत नव्हतं.

उत्तर असं की हाड एका क्षणात मोडतं, पण मज्जारज्जूची पडझड पुढे कित्येक आठवडे चालू राहते. रक्तपुरवठा तुटतो, पेशींची ऊर्जा संपते. ग्लुटामेट (चेतापेशींचं संदेश देणारं रसायन) बाहेर साचतं, कॅल्शियम आत घुसतं आणि कॅल्पेन हे एन्झाइम पेशीचा आतला सांगाडा कापायला लागतं. मायलिनमुळे (तंतूंवरचं मेदयुक्त वेष्टन) या ऊतीत मेद भरपूर, त्यामुळे फ्री रॅडिकल्सना (मेदाचं ऑक्सिडीकरण करणारे अतिक्रियाशील रेणू) आयतं खाद्य मिळतं. काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, मग मोडतोड गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी. पुढे मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी मरतात, वाचलेल्या तंतूंवरचंही मायलिन उतरतं. अ‍ॅस्ट्रोसाइट या आधार देणाऱ्या पेशी कडेने व्रण उभा करतात, मध्ये पाण्याची पोकळी राहते.

म्हणून कुठलाही पेपर किंवा स्लाइड हातात आली की पहिला प्रश्न हाच विचारा: इजेनंतर किती तासांनी? सहा तासांचा नमुना आणि सहा आठवड्यांचा नमुना हे जवळजवळ दोन वेगळे आजार आहेत.

मेदाचं ऑक्सिडीकरण मोजायला मी मॅलोनडायअल्डिहाइडची (त्या ऑक्सिडीकरणातून तयार होणारा पदार्थ) चाचणी लावली. थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर गुलाबी रंग येतो, तो 532 नॅनोमीटरला वाचायचा. पहिल्या खेपेला इजा न केलेल्या उंदरांचे नमुनेही गडद गुलाबी आले. सगळी डिसेक्शन्स उरकेपर्यंत मी ऊती नुसत्या बर्फावर ठेवल्या होत्या, आणि ऑक्सिडीकरण तिथेच चालू राहिलं होतं. ती अख्खी खेप वाया गेली. त्या जिवांचं मला आजही वाईट वाटतं. पुढच्या वेळी ऊती काढल्या काढल्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकल्या (गावात गाईंच्या कृत्रिम रेतनाला ज्या कॅनमधून आणतात तोच नायट्रोजन) आणि त्या कुटून एकजीव करताना बीएचटी (ऑक्सिडीकरण थांबवणारं रसायन) घातलं. आकडे लगेच जाग्यावर आले.

प्राण्यांवरच्या प्रयोगासाठी एथिक्स कमिटीची परवानगी लागते. तो अर्ज सगळ्यात आधी टाका.

स्लाइड वाचायला पॅथॉलॉजीतल्या कुणाशेजारी तरी बसाच. लक्सॉल फास्ट ब्लू या रंगाने मायलिन निळं होतं, आपण निळं कुठे नाही ते शोधायचं. आडवा काप एकाच पातळीचा असतो. पोकळी वर-खाली किती पसरलीय ते उभ्या कापात एका नजरेत कळतं. माझा पहिला उभा काप पाहिला, तेव्हा आजीला काय सांगायचं ते मला समजलं.