लंडनहून पॅरिस, मग ॲमस्टरडॅम: आईबाबांना ट्रेनने न्यायचं असेल तर

मुलगा नाहीतर मुलगी लंडनला, आईबाबा महिना दोन महिने राहायला येतायत, आणि एवढं आलेच आहेत तर पॅरिस-ॲमस्टरडॅम पण करू, असा प्लॅन असेल तर विमान शोधत बसू नका, युरोस्टारने, म्हणजे समुद्राखालच्या बोगद्यातून फ्रान्सला जाणाऱ्या ट्रेनने जा. लंडन ते पॅरिस रूळ साधारण ४९० किलोमीटर, म्हणजे आपलं मुंबई-अहमदाबादच, आणि गाडी ताशी ३०० ने जाते त्यामुळे सव्वादोन तासांच्या आसपास पोचता, तेही शहराच्या मध्यातून मध्यात.

पण आधी व्हिसा, कारण बहुतेक लोकांचं इथेच अडतं. यूकेच्या व्हिसावर फ्रान्सला जाता येत नाही, शेंगेन (फ्रान्स, नेदरलँड्स धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) वेगळा लागतो आणि तो आईबाबांनी भारतातून निघायच्या आधीच काढायचा. "तिकडे आल्यावर बघू" असं धरून चालू नका, तुम्ही राहता त्या देशातूनच अर्ज करायचा असा नियम आहे आणि फिरायला आलेल्यांचा अर्ज लंडनला सहसा घेत नाहीत. माझ्या आईबाबांना पहिल्या वेळी एका एजंटने सांगितलं की तिकडे गेल्यावर होईल, मग दोघं सहा आठवडे लंडनला राहिले आणि पॅरिस न बघताच परत गेले. आईने पॅरिससाठी म्हणून नवा स्वेटर घेतला होता, मला ते आठवलं की अजून वाईट वाटतं. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण पासपोर्ट सहसा आधी यूकेच्या अर्जात अडकतो, तो सुटला की मग शेंगेनला द्यायचा, आणि सुट्टीच्या दिवसात अपॉइंटमेंटही पटकन मिळत नाही, तेव्हा दोन्ही मिळून तीन महिने तरी हातात ठेवा.

अर्ज कुठल्या देशाकडे? रात्री मोजा. पॅरिसला ३ आणि ॲमस्टरडॅमला २ असतील तर फ्रान्सकडे. आणि एकाच फेरीत दोन्ही शहरं करून लंडनला परत आलात तर सिंगल एंट्री, म्हणजे एकदाच आत जाता येणारा व्हिसा, पुरतो, पण पॅरिस करून लंडनला आलात आणि पुढच्या आठवड्यात ॲमस्टरडॅमला निघालात तर ती दुसरी एंट्री झाली. म्हणून मी म्हणते एकाच फेरीत करा.

तिकीट जितकं उशिरा तितकं महाग, तारीख पक्की झाली की लगेच काढा, फक्त व्हिसा हातात नसेल तर बदलायचे नियम वाचून काढा. मोठ्या माणसांसाठी टेबलाच्या चार सीट बघा, समोरासमोर बसून डबा खाता येतो. चालायचा त्रास असेल तर व्हीलचेअरची मदत दोन दिवस आधी कळवून ठेवा, कारण गाडी १६ डब्यांची, जवळपास ४०० मीटर लांब असते आणि आपला डबा अगदी टोकाला आला तर बरंच चालावं लागतं.

आता स्टेशन. गाडी सेंट पँक्रसहून सुटते, आणि गंमत अशी की फ्रान्सचे पोलीस तुमचा पासपोर्ट तिथे लंडनलाच बघतात, म्हणजे गाडीत बसायच्या आधीच तुम्ही कागदोपत्री फ्रान्समध्ये गेलेले असता. म्हणून लोकल पकडल्यासारखं धावत जाऊन चालत नाही, सुटायच्या अर्धा तास आधी गेट बंद होतं, आणि ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी फोटो वगैरे घेऊन कॉम्प्युटरवर नोंद करायला सुरुवात झालीये तेव्हा पहिल्या खेपेला वेळ जाऊ शकतो. दीड तास आधी पोचा. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, इन्शुरन्स यांच्या प्रिंट आईबाबांच्या हातात द्या, तुमच्या मोबाईलमध्ये असून उपयोग नाही कारण खिडकीवर त्यांना एकेकट्याला विचारतात.

सामान माणशी दोन बॅगा आणि एक हातातली, वजन कोणी करत नाही, पण चढवायचं तुम्हालाच. पाण्याची भरलेली बाटली चालते. खाऊमध्ये चिवडा, चकली खुशाल न्या, पण दुधाचे आणि मटणाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे, तेव्हा पेढे आणि तुपाची बरणी लंडनलाच ठेवा.

बोगदा १९९४ ला सुरू झाला, ५० किलोमीटरचा, त्यातले जवळपास ३८ समुद्राखाली. दिसत काहीच नाही, वीसेक मिनिटं काळोख आणि मग एकदम फ्रान्सची शेतं. दुसऱ्या वेळी आईबाबांना व्हिसा काढूनच आणलं होतं, तेव्हा बाबा सगळा वेळ घड्याळ लावून बसले होते, त्यांचा आनंद बघायला मिळाला यासाठीच हा सगळा खटाटोप. घड्याळ मात्र फ्रान्सला एक तास पुढे करा.

पॅरिसला गार दू नॉरला उतराल. गर्दी दादरसारखी, खिसेकापूंपासून जपा. ॲमस्टरडॅमची गाडीही इथूनच, साडेतीन तासांच्या आत पोचते आणि पासपोर्ट तपासणीची रांग नाही, तरी पासपोर्ट जवळ ठेवा कारण वाटेत पोलीस विचारू शकतात. आणि कोणाला पुढे स्वित्झर्लंडला जायचं असेल तर गाडी गार दे लिऑंहून, ते वेगळं स्टेशन आहे, आरईआर डी नावाच्या भूमिगत लोकलने दोन स्टॉप, मध्ये दीड तास तरी ठेवा.

बेल्जियममधून जाताना पाट्यांनी गोंधळू नका. ब्रसेल्सचं स्टेशन फ्रेंचमध्ये मिडी आणि डचमध्ये झाउड, दोन्ही एकच. लीएज म्हणजेच लाउक, आणि लील शहराचं डच नाव रायसल, आम्ही ते वाचून चुकीच्या फलाटावर आलो की काय म्हणून घाबरलो होतो.

परतीला ॲमस्टरडॅम सेंट्रालहून थेट लंडनची गाडी घ्या, चार तासांच्या आसपास. पासपोर्टची तपासणी, यूकेची सुद्धा, ॲमस्टरडॅमलाच उरकते, म्हणून तिथेही लवकर पोचा. लंडनला उतरलं की मग इमिग्रेशनची रांग नाही, बॅगा ओढत सरळ खाली ट्यूबला, म्हणजे लंडनच्या मेट्रोला.