आजारपणाचा खरा खर्च कसा मांडावा आणि बदलत्या हवामानासाठी घरात आधी काय करावे

"पावत्या जपून ठेवा" हा सल्ला ऐकून कान किटले. पावत्या कोण जपत नाही? आजारपणात घर खचते ते ज्याची पावतीच मिळत नाही अशा खर्चाने. घरचा हा हिशेब मी बरीच वर्षे लिहिते आहे, आणि पहिली दोन वर्षे तो साफ चुकवला होता. त्या चुकीतून शिकलेली रीत खाली देते.

१. वही आणि माप

खर्च पैशांतच लिहा, पण बेरीज 'रोजां'त करा. घरातल्या महिन्याच्या कमाईला कामाच्या दिवसांनी भागले की एक रोज निघतो. भाव वाढतात, कमाईही बदलते, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीची रक्कम आजच्या रकमेशी ताडून फारसे काही कळत नाही. "त्या तापाने सात रोज खाल्ले" हे मात्र कधीही वाचले तरी कळते.

२. दवाखाना

डॉक्टर, तपासण्या, औषधे, येणे-जाणे, बाहेरचे जेवण. लिहा आणि पुढे चला. विम्याचे पैसे हातात पडल्यावर वजा करा, अर्ज केल्या दिवशी नाही.

३. खाडे: हिशेब बिघडतो तो इथे

मूल तापाने चार दिवस झोपले. डॉक्टर-औषधे धरून अडीच रोज गेले, प्रवासात अर्धा. मी 'तीन रोज' लिहून वही मिटली. त्या चार दिवसांत घरातले एकमेव कमावते माणूस उशाशी बसून होते, त्यांच्या कमाईवर चार दिवस पाणी पडले, हे कुठेच आले नाही. आजार सात रोजांचा होता आणि मी त्याचा निम्म्याहून जास्त भाग गिळून टाकला होता. म्हणून प्रत्येक आजारासमोर दोन आकडे लिहाच: रोग्याचे खाडे आणि सोबतीचे खाडे. सोबतीचा आकडा बहुतेकांच्या वहीत नसतोच.

"पण ती तर घरीच असते" हे वाक्य मला अजिबात चालत नाही. घरी असणारी व्यक्ती रोग्यापाशी अडकली की तिचे रोजचे काम पडून राहते, नाहीतर ती ते रात्री जागून उरकते. तेच काम पैसे देऊन करून घ्यायचे तर काय द्यावे लागेल, तो आकडा लिहा. तो अंदाजच असतो. पण शून्य लिहिणे हाही एक अंदाजच आहे, आणि सगळ्यांत चुकीचा.

दुसरा घोळ एकच गोष्ट दोनदा धरण्याचा. उसनवारी करून बिल भरले असेल तर बिल आधीच लिहिलेले असते, म्हणून कर्जाचे फक्त व्याज लिहा, मुद्दल नाही. पगारी रजा घेतली असेल तर कमाई बुडालेली नसते. तिथे खाड्याऐवजी 'रजा' लिहा, कारण ती पुढच्या आजारपणाला उरणार नाही. दागिना किंवा जनावर विकून बिल भागवले तर विकलेली किंमत पुन्हा धरू नका. घाईत तोटा खाऊन विकले असेल तर तेवढा तोटा लिहा.

ताप उतरला की खाडे मोजणे थांबवू नका. डेंग्यूनंतरचा थकवा काही आठवडे रेंगाळू शकतो, आणि माणूस कामावर जाऊनही अर्धेच काम करतो. असे दिवस मी अर्धा खाडा धरते. उकाड्याचेही तसेच. कोणी आजारी पडत नाही, पण दुपारचे काम होत नाही. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने अंदाज मांडला होता की २०३० मध्ये जगभरातल्या कामाच्या एकूण तासांपैकी २.२ टक्के तास उष्णतेमुळे वाया जातील. घरच्या वहीत ते तास आपणच टिपले तर टिपले जातात.

घरखर्चाच्या १० किंवा २५ टक्क्यांहून जास्त पैसे उपचारांवर गेले की तो खर्च घराला झेपणारा नाही, असे एक माप जगभरात वापरले जाते. त्यातही मोजतात फक्त पदरमोड. बुडालेला रोज तिथेही नाही. तेव्हा "आपण १० टक्क्यांच्या आतच आहोत" म्हणून निर्धास्त राहू नका.

४. हवेचा रकाना

प्रत्येक आजारासमोर त्या आणि त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांची हवा लिहा: कडक ऊन, रात्रीही न उतरणारा उकाडा, संततधार, पूर, पाणीटंचाई. मागचे आठवडे यासाठी, की पावसानंतर डास वाढायला, तो चावायला आणि ताप यायला वेळ लागतो. एखादा ताप हवामानबदलामुळेच आला हे एका घराच्या वहीवरून सिद्ध होत नाही, त्या वादात पडू नका. कोणत्या हवेत आपले घर आजारी पडते एवढे कळले की काम भागते.

५. कशावर खर्च करायचा

उपायाची किंमत भागिले तो किती वर्षे टिकेल, अधिक दर वर्षाची वीज, सुटे भाग आणि दुरुस्ती. हा झाला उपायाचा वर्षाचा खर्च. तोही रोजांत मांडा. समोर त्या कारणाने वर्षाला गेलेले रोज ठेवा, पण सगळे वाचतील असे समजू नका. मी निम्मेच वाचतील असे धरते. तरीही उपाय स्वस्त पडला तर घ्या.

मी हे न करता पाणी शुद्ध करायचे यंत्र आणले होते, कारण उलट्या-जुलाबाचे बिल मोठे होते आणि भीती ताजी होती. वही नीट लिहायला लागल्यावर दिसले की जास्त रोज तापाने नेले होते. खिडक्यांना जाळी बसवायची सोडून मी यंत्र घेऊन बसले होते. पाणी खळखळून एक मिनिट उकळले असते तरी जुलाबाचे जंतू मेले असते.

६. फुकटचे आधी

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरातल्या व घराभोवतीच्या साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करायची. नुसते पाणी ओतून दिले तर उपयोग नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात. आतल्या कडा घासा, मग भरा आणि झाका.

उन्हासाठी दिवसा खिडक्या-पडदे बंद, रात्री बाहेर गारवा आला की उघडे. छताला पांढरा रंग दिला तर वरच्या खोलीला फरक पडतो. पारा ४० अंशांच्या वर गेला की पंख्यावर भिस्त ठेवू नका, तो गरम हवाच अंगावर आणतो. अंगावर ओले कापड घ्या, घरातल्या सगळ्यांत थंड खोलीत बसा, आणि ती दुपार वहीत अर्धा खाडा म्हणून लिहा.