लांडगा-कुत्रा संकराचं वर्गीकरण लिहिताना या चुका टाळा

चेकोस्लोव्हाकियन वुल्फडॉगचं शास्त्रीय नाव काय? प्रश्नच चुकीचा आहे. त्याला स्वतंत्र शास्त्रीय नाव नाही. प्राण्यांच्या नामकरणाचे नियम उपजातीपाशी थांबतात. ब्रीड, म्हणजे माणसाने निवडून पैदास केलेला वाण, ही केनेल क्लबांची (कुत्र्यांच्या वाणांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांची) व्यवस्था. 1955 साली कारेल हार्टल यांनी जर्मन शेफर्ड आणि कार्पेथियन लांडगा यांच्या संकराचा प्रयोग सुरू केला, 1999 मध्ये एफसीआय या आंतरराष्ट्रीय केनेल क्लब महासंघाने या ब्रीडला अंतिम मान्यता दिली. त्या मान्यतेने नवी जाती (स्पीशीज) जन्माला आली नाही. शास्त्राच्या वहीत तो कुत्राच.

आपल्याकडे भाषाही घोळात भर घालते. पारिभाषिक मराठीत ‘प्रजाती’ म्हणजे जीनस (जवळच्या जातींचा गट) आणि ‘जाती’ म्हणजे स्पीशीज. बोलताना मात्र आपण ब्रीडलाही ‘जात’च म्हणतो. लेखात ब्रीड हाच शब्द ठेवावा, वाद मिटतो.

सगळ्यात जास्त चुकतं ते कुत्र्याचं नाव. शास्त्रीय नामकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये लांडग्याला कॅनिस ल्युपस आणि कुत्र्याला कॅनिस फॅमिलिॲरिस अशी वेगळी नावं दिली. पुढे अनेकांनी कुत्र्याला लांडग्याची उपजाती मानून कॅनिस ल्युपस फॅमिलिॲरिस लिहायला सुरुवात केली. आज दोन्ही रूपं वापरात आहेत. कोणतंही एक घ्या, पण शेवटपर्यंत तेच. उपजाती मानायची आणि पुढच्याच वाक्यात ‘दोन जातींचा संकर’ म्हणायचं, हे जमत नाही. संकराला नवं लॅटिन नावही देऊ नका. दोन्ही पालकांच्या नावांमध्ये × चिन्ह टाकलं की पुरे. संकराची पिल्लं प्रजननक्षम असतात, लांडगा आणि कुत्रा दोघांचीही गुणसूत्रं 78. त्यामुळे ‘खेचरासारखा वांझ’ ही उपमा तर काढूनच टाका.

एफ1, एफ2 वाचताना जपून. आनुवंशिकीत एफ1 म्हणजे संकराची पहिली पिढी आणि एफ2 म्हणजे दोन एफ1 ची संतती. वुल्फडॉग पाळणाऱ्यांच्या बोलीत तो शुद्ध लांडग्यापासून मोजलेला पिढीचा आकडा असतो: आजी किंवा आजोबा लांडगा असेल तर एफ2. त्या आकड्यावरून लांडग्याच्या रक्ताची टक्केवारी काढता येत नाही, कारण दुसरा पालकही संकर असू शकतो. शिवाय एफ1 नंतर पिल्लागणिक वाटा बदलतो, एकाच वेतातसुद्धा.

आणि निव्वळ मायटोकाँड्रियल डीएनएच्या चाचणीवर निकाल लावू नका. तो फक्त आईकडून येतो. आई कुत्री असेल तर बाप लांडगा असला तरी अहवालात फक्त कुत्राच दिसेल.