गावचा बंब: ट्रॅक्टर, टँकर आणि बाकी सामान कसं जमवायचं न कसं तयार ठेवायचं

बंब म्हटलं की काहींना तांब्याचा आंघोळीचा बंब आठवतो आणि काहींना घंटा वाजवत येणारी लाल गाडी, आता ही लाल गाडी तालुक्याला असते किंवा साखर कारखान्यावर असते आणि आपल्या गावात पोचायला तिला अर्धा-पाऊण तास तर धरूनच चला. तेवढ्या वेळात कडब्याची गंज संपते, गोठा संपतो आणि वारं असेल तर शेजारचा ऊस पण गेला. म्हणून आम्ही काही पोरांनी मिळून गावातलंच सामान एकत्र करून एक जुगाड बंब उभा केलाय. आमचा भाग पलूस-तासगावकडचा, एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला द्राक्षं, त्यामुळे अर्धं सामान गावात आधीपासूनच होतं फक्त ते आगीसाठी आहे हे कुणाच्या डोक्यात नव्हतं.

पहिली गाडी म्हणजे द्राक्षबागेचा ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने औषध फवारायचं यंत्र. ट्रॅक्टरच्या मागे 500-600 लिटरची टाकी, पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा) चालणारा एचटीपी पंप (जास्त दाबाचा फवारणी पंप) आणि गन. याचं पाणी मिनिटाला 30-40 लिटरच पडतं पण प्रेशर दांडगं, म्हणजे एक टाकी 15-20 मिनिटं पुरते. बांधावरचं गवत, पाचट, कुंपण, वणव्याची कड यासाठी याच्यासारखी गाडी नाही आणि छोट्या ट्रॅक्टरवर असल्यामुळे बागेतून कुठूनही घुसते. एकच काळजी, टाकीत औषध राहिलेलं नसावं. फवारणी झाली की टाकी दोनदा धुवायची आणि साध्या पाण्याने भरून ठेवायची, नाहीतर धावपळीत ते औषधाचं पाणी आग विझवणाऱ्या पोरांच्याच तोंडावर उडतं. पंख्याचं कनेक्शन मात्र बंद पाहिजे, फक्त गन वापरायची, पंखा चालू करून आगीपुढे गेलात तर लोहाराचा भाता मारल्यासारखं होईल.

दुसरी गाडी पाण्याचा टँकर, 5000 लिटरचा. लग्नाला, बांधकामाला जो फिरतो तोच. आता 5000 लिटर म्हणजे 5 टन पाणी, वर लोखंडाचं वजन वेगळं आणि ट्रॉलीला बहुतेक वेळा स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणून ट्रॅक्टर 45-50 एचपीच्या खालचा नको आणि उतारावर न्यूट्रल टाकायचा नाही. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा वाईट कारण वळणावर आतलं पाणी एका बाजूला आपटतं आणि ट्रॉली कलंडते, आत आडवे पत्रे मारलेले असतील तर जरा बरं. नेताना पूर्ण भरून न्या किंवा रिकामा आणा. मडगार्डवर आणि ट्रॉलीच्या हुकावर कुणीही बसायचं नाही, हे आम्ही फार कडक ठेवलंय, पोरांना जोश असतो पण ट्रॅक्टरखाली पण माणसं जातात.

टँकरला नुसता कॉक असून चालत नाही, त्या कॉकमधून पाणी फक्त खाली पडतं. टँकरच्या पुढे एक फळी टाकून त्यावर 2 इंची पेट्रोल पंप नटबोल्टने पक्का बसवा आणि टँकर ते पंप ही जोडणी कायमची करून ठेवा. असा पंप मोकळा सोडला तर मिनिटाला 500 लिटरच्या आसपास फेकतो म्हणजे 10 मिनिटात टँकर खलास. पुढे नोझल लावलं की खर्च निम्म्यावर येतो आणि फेक वाढते. नोझल असं घ्या ज्याला बंद करायची खिट्टी आहे आणि धार-फवारा दोन्ही होतं. पाईपमध्ये लोक चुकतात. निळा-पांढरा घडीचा पाईप पाणी ढकलायला चालतो, ओढायला चालत नाही, ओढायला लावला की तो चपटा होतो. ओढायला हिरवा कडक सक्शन पाईपच पाहिजे, त्याच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह, म्हणजे आपला फुटबॉल, आणि जाळी.

फुटबॉलवरून आठवलं. आमची पहिली मोठी आग कडब्याची होती. टँकर 10 मिनिटात पोचला, सगळे खूष, टँकर संपला म्हणून शेजारच्या शेततळ्यात पाईप टाकला तर पंप पाणीच धरेना. फुटबॉलच्या आत काडी अडकलेली, पाणी उतरून जायचं, वरून बादलीने पंपात पाणी ओतून प्रायमिंग करतोय न खालून गळतंय. पाव तास गेला आणि गंज गेली. आग विझवायला माणसं 100 होती, काडी काढायला एक पाना नव्हता. तेव्हापासून पंपाशेजारी एक डबा वेल्डिंग करून लावलाय, त्यात दोन पाने, पक्कड, टेफ्लॉन टेप, क्लॅम्प, जादा वॉशर, स्पार्क प्लग आणि स्टार्टरची दोरी. त्या डब्यातलं सामान दुसऱ्या कामाला नेलं तर 500 रुपये दंड, सरपंचाला पण.

आता पाणी कुठून आणायचं हा खरा प्रश्न, गाड्या त्यापुढे सोप्या. विहिरी भरपूर आहेत पण पंप कितीही भारी असला तरी ओढून तो पाणी प्रत्यक्षात 6-7 मीटरच उचलतो, म्हणजे पाणी 22-23 फुटांच्या खाली गेलं की काठावरून तो पंप उपयोगाचा नाही. लोक म्हणतात मोटर आहे की विहिरीवर. आहे, पण आग लागली की सगळ्यात आधी आपण काय करतो, वायरमनला फोन करून लाईन बंद करायला लावतो, आणि लावलीच पाहिजे कारण उसाच्या निम्म्या आगी लोंबणाऱ्या तारा आणि डीपीपासूनच सुरू होतात असं आमच्याकडे कुणीही सांगेल. लाईन गेली की आसपासच्या सगळ्या मोटरी पण गेल्या. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला गावाचा एक कागदी नकाशा करा आणि त्यावर लाईट नसताना पाणी कुठं मिळतं तेवढंच लिहा: शेततळी, कॅनॉल, ओढ्यातला डोह, उंचावरच्या टाक्या आणि डिझेल इंजिन ज्याच्याकडे आहे ते घर. शेततळ्यावर प्लास्टिक घसरडं असतं, पाईप काठावरूनच सोडायचा, कुणी उतरायचं नाही आणि एक लांब दोर तिथं खुंटाला बांधलेला पाहिजे.

लाल गाडी आल्यावर बरेच जण बाजूला होऊन व्हिडिओ काढतात. खरं काम तेव्हाच असतं. त्या गाडीत पण साधारण साडेचार-पाच हजार लिटरच पाणी असतं, काही मिनिटात संपतं आणि ती परत भरायला लांब जाते. तुमचा टँकर तिला तिथंच पाणी देऊ शकला तर ती जागची हलत नाही. त्यासाठी अग्निशमनवाल्यांचा 63 एमएमचा पाईप आणि तुमचा 2 इंची पाईप जोडणारा एक तुकडा लेथवाल्याकडून करून घ्या, पण आधी तालुक्याच्या फायर स्टेशनला जाऊन त्यांचं कपलिंग बघून मापं घ्या. स्टेशनवाले खरंच आनंदाने दाखवतात.

वणव्याला गाड्यांचा उपयोग कमीच. सागरेश्वरच्या बाजूला डोंगर पेटला की ट्रॅक्टर चढत नाही, तिथं पाठीवरचे 16 लिटरचे फवारणी पंप, कोयते, कुदळी, दाताळं आणि ओल्या हिरव्या डहाळ्या. वनखात्याची माणसं पाठीला अडकवायचा पेट्रोल ब्लोअर वापरतात, त्याने वाळका पाला उडवून पट्टा मोकळा करतात, त्यालाच जाळरेषा. पुढून आगीला भिडू नका, जळून काळी झालेली बाजू पाठीशी ठेवून कडेने मारत चला. चढावर आग खालून येत असेल तर वर थांबायचं नाही, ती माणसापेक्षा जोरात चढते. जंगलाच्या हद्दीत धूर दिसला की 1926 ला फोन, बाकी 101 नाहीतर 112. आणि फोन करताना गट नंबर सांगू नका, त्यांना काय कळणार, मुख्य फाट्यावर एक पोरगा मोटरसायकल घेऊन उभा करा.

अंगावर सुती कपडे, पूर्ण बाह्या, पायात चामड्याचे बूट. टेरिकॉटचा शर्ट, ट्रॅकसूट, स्लीपर असला तर पोराला घरी पाठवा कारण ते वितळून कातडीला चिकटतं. रुमालाने राख अडते, विषारी वायू अडत नाही म्हणून पेटलेल्या घरात नुसता रुमाल बांधून शिरायचं नाही, ते काम सिलिंडर-मास्कवाल्यांचं. उसाच्या फडात पण शिरायचं नाही, ट्रॅक्टरने नाहीच नाही. वाऱ्याच्या पुढे चार-सहा सऱ्या तोडून पाचट ओढून पट्टा करा आणि ब्लोअर घेऊन तिथं उभे राहा, ट्रॅक्टरचं तोंड रस्त्याकडे.

कडबा, गवत, कापूस यावर साधं पाणी वरून वाहून जातं आणि आत धुमसत राहतं. 1000 लिटरला दोन-तीन लिटर भांडी घासायचं लिक्विड टाका, पाणी आत मुरतं. पण ते शेवटच्या टप्प्याला टाका नाहीतर टाकीत फेस होऊन पंप हवा धरतो. वरची ज्वाला गेली की गंज दाताळ्याने पूर्ण उसकटायची, रात्री दोघांनी तिथंच थांबायचं, दुसऱ्या दिवशी परत पेटल्याचे प्रकार आमच्याकडे दोनदा झालेत.

घरगुती आगीसाठी ग्रामपंचायत, दूध डेअरी आणि शाळेत 6 किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर पाहिजे, काटा हिरव्यात आहे का ते बघत राहा. तो 15-20 सेकंदच चालतो म्हणून ज्वालेवर नाही, बुडावर मारायचा. डीपीवर किंवा तारेवर पाणी अजिबात नाही, वायरमन हो म्हणेपर्यंत लांब.

तपासणी संक्रांतीच्या आधी एकदा आणि नंतर दर रविवारी 5 मिनिटं पंप चालू करून. पेट्रोल महिनोन्महिने टाकीत ठेवलं तर कार्बोरेटर चोक होतो, म्हणून बंद करताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबू द्यायचं. ड्रिल आम्ही एप्रिलमध्ये घेतो, 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह असतो, 1944 ला त्याच दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन बोटीचा स्फोट होऊन अग्निशमन दलाचे जवान गेले होते, त्यांच्या आठवणीत. तेव्हा तालुक्याचे लोक शिकवायला येतात. 14 ला गावात भीमजयंती, सगळे मिरवणुकीत, म्हणून पुढचा रविवार धरतो.

ट्रॅक्टर कुणाचा, डिझेल कुणाचं यावर आगीच्या वेळी भांडण नको. ग्रामसभेत ठराव करून तीन ट्रॅक्टरवाल्यांची नावं लिहून घ्या, डिझेलचे पैसे गणपती मंडळाच्या वर्गणीतून बाजूला काढा. टँकर लग्नाला गेला तर परत आणणाऱ्याने तो भरूनच लावायचा आणि किल्ली देवळातल्या खिळ्याला, कुणाच्या खिशात नाही.